तालमीतला साप

ॲलॉयशियसला साप नेमका कुठे चावावा, यावर वडाळ्याच्या मिठागरात सकाळपासून वाद चालला होता. दौलतचं म्हणणं, पायालाच चावला पाहिजे. साप जमिनीवर असतो, तो उगाच उडी मारून हाताला कशाला चावेल? शामरावांना हे पटत होतं, पण पाय त्यांना नको होता. पायाला चावला की बूट काढा, मोजा काढा, पँट वर सरकवा. आणि ॲलॉयशियसचे बूट काढल्यावर तपासणीला येणाऱ्या मॅडम जवळ उभ्या राहतील याची त्यांना मुळीच खात्री नव्हती.

"हातालाच चावणार," शामरावांनी निकाल देऊन टाकला. "हत्यारांच्या पेटीत हात घातला, आत साप होता, चावला. विषय संपला."

साप अर्थातच नव्हता. असणार होती ती प्रथमोपचाराची कवायत, म्हणजे कंपनीच्या भाषेत मॉक ड्रिल. शामराव ज्या टोळीचे सुपरवायझर होते ती टोळी जमिनीत खोल बोअर मारून खालची माती वर काढायची आणि तपासायला पाठवायची. आजवर ही कामं रस्त्याच्या कडेला नाहीतर पाडलेल्या चाळींच्या जागेवर व्हायची. तिथे कुणाला खरचटलं तर समोरच्या मेडिकलवाल्याकडे जायचं, चिकटपट्टी लावायची आणि येताना चहा पिऊन यायचं. मिठागराची गोष्ट वेगळी होती. तिथून दादर-परळचे टॉवर अगदी हाताशी आल्यासारखे दिसायचे, पण त्यातल्या एकालाही तुमची हाक ऐकू गेली नसती. चारी बाजूंनी चिखल आणि तिवरं. रस्त्यापर्यंत जायचं तर मिठागराच्या अरुंद बांधावरून बराच वेळ चालायचं, आणि फोनला रेंज आली तर आली. त्यामुळे कंपनीने ऐन मुंबईतली ही जागा दुर्गम म्हणून जाहीर केली होती, आणि दुर्गम जागी काम करणाऱ्या माणसांना जखमी माणूस हाताळता आला पाहिजे, असा कंपनीचा नियम होता.

नियम चांगलाच होता. पण पहिल्या कवायतीत पट्टी बांधताना ॲलॉयशियसला गुदगुल्या झाल्या. तो हसला म्हणून दौलत हसला, दौलत हसला म्हणून टोळीतल्या वैभवच्या हातून स्ट्रेचर सुटलं, आणि सापाने चावलेला माणूस चिखलात पडून पोट धरून हसत राहिला. कंपनीच्या सुरक्षा अधिकारी मानसी मॅडम वयाने लहान होत्या, पण हसल्या नाहीत. त्यांनी शामरावांना बाजूला घेऊन अगदी नम्रपणे सांगितलं, की पुढच्या वेळीही असंच झालं तर इथे दुसरी टोळी आणावी लागेल. त्यानंतर शामरावांची झोप उडाली होती. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या या माणसाने आयुष्यात एकदाही नापास होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आता निवृत्तीच्या तोंडावर ॲलॉयशियसच्या गुदगुल्यांनी त्यांना नापास करावं, हे त्यांना सहन होईना.

खरं तर ॲलॉयशियस पक्का नट. गिरगावातल्या आपल्या वाडीत दर नाताळात व्हायच्या नाटकात त्याने राजापासून दारुड्यापर्यंत सगळं केलं होतं. बोअरचं मशीन तो चालवायचा तेसुद्धा कुणीतरी बघत असल्यासारखा. शामराव आणि तो तरुणपणापासून एकाच टोळीत होते. अलीकडे मात्र त्याचं लक्ष कामात नव्हतं, कारण त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, डायनाचं लग्न जवळ आलं होतं. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत बापाने मुलीला हाताला धरून न्यायचं असतं, आणि ते चालणं कसं झोकदार झालं पाहिजे, याचाच त्याला ध्यास लागला होता. घरी तो बायकोला, मॅग्डलीनला, हाताशी धरून चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारायचा. जेवणाच्या सुट्टीत तो दौलतच्या डोक्यावर गमछा टाकून त्याला नवरी करायचा आणि बांधावरून मिरवत न्यायचा. दौलत मिशीवाला होता, पण तक्रार करत नव्हता.

"शामराव, एकदाच चालायचंय रे आयुष्यात," ॲलॉयशियस सांगायचा. "ती जन्मली तेव्हापासून ठरवलंय मी. एकदम स्टाइलमध्ये नेणार तिला."

या वेळी कवायतीत मी हसणार नाही, उलट सगळ्यांना रडवेन, असा त्याने शब्द दिला आणि तालमीला लागला. तालमीत तो असा कोसळला, असा तळमळला, की वैभव स्ट्रेचर विसरून बघतच राहिला. मग ॲलॉयशियसने स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं. शामरावांचा शर्ट धरून, डोळे मोठे करून तो म्हणाला, "नाटक नाय रे हे, खरंच होतंय मला." शामरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि हे वाक्य काही झालं तरी ठेवायचं असं सांगितलं. शिवाय घाबरलेला रोगी उठून पळायला बघतो, तेव्हा त्याला दाबून धरायचं, हेही त्यांनी दौलतला पढवून ठेवलं.

शामरावांनी त्या दिवशी एवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण कवायत पार पडल्यावर मॅडमसमोर नुसतं उभं राहणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी टोळीची जीप बटाटेवडे आणि चहा आणायला दादरला पिटाळली. जखमीला न्यायला सतत तयार ठेवायची ती हीच जीप. "गाडी इथे उभी आहे असं समजायचं," त्यांनी सगळ्यांना बजावलं, आणि सगळ्यांनी तसं समजून घेतलं.

मॅडम आल्या. त्यांनी मोबाइल वर धरला आणि सुरुवात करा म्हणाल्या. ॲलॉयशियस ऐटीत मशीनच्या पायरीवर चढला, हत्यारांच्या पेटीत हात घातला आणि किंचाळला. इथवर सगळं तालमीबरहुकूम झालं. पण समोर कॅमेरा दिसताच त्याच्यातला नट जागा झाला. नुसतं पायरीवर कोसळायच्या ऐवजी त्याने गिरकी घेतली आणि खाली झोकून दिलं. खाली चिखलात खेकड्याचं भलं मोठं बीळ होतं. त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत त्यात गेला आणि उरलेला ॲलॉयशियस दुसऱ्या दिशेला गेला.

दुसऱ्यांदा तो जो ओरडला, त्याने पलीकडच्या खाजणातले बगळे उडाले. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक दिसलं. ते बघून शामरावांचा ऊर भरून आला. पुढे कित्येक दिवस त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. मित्राचं हाड मोडलं त्या क्षणी आपण खूश झालो होतो.

"शामराव," ॲलॉयशियस कण्हला, "पाय. माझा पाय."

शामराव वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "पाय नाही, हात. हाताला चावलाय."

"अरे, पाय मोडला रे माझा."

"ॲलॉय, हात धर. मॅडम बघतायत."

ॲलॉयशियसने त्यांचा शर्ट धरला. त्याचे डोळे मोठे झाले होते. "नाटक नाय रे हे, खरंच होतंय मला," तो म्हणाला, आणि शामरावांनी वैभवकडे बघून हळूच मान हलवली, की बघ, याला म्हणतात कलाकार. बिचाऱ्याकडे खरं सांगायला जे शब्द होते ते त्याने तालमीतच वापरून टाकले होते, आणि ते वापरायला लावणारे शामरावच होते.

तो उठायला बघू लागला तसा दौलत पढवल्याप्रमाणे त्याच्या पायांवर बसला. ॲलॉयशियसने त्याला जी शिवी दिली ती तालमीत नव्हती. दौलतला वाटलं, मॅडमसमोर एवढं नको होतं. मग सगळ्यांनी मिळून त्याचा धडधाकट उजवा हात अत्यंत मन लावून बांधला. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या दोन्ही फळ्या लावल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या पट्ट्या गुंडाळल्या, गाठ घट्ट नाही ना हे बोट घालून पाहिलं. सापाने चावलेल्या माणसाला धीर द्यायचा असतो, म्हणून शामराव सारखं म्हणत होते, की घाबरू नकोस, तुला काही झालेलं नाही. एवढ्या शुद्ध हेतूने माणसाचा इतका छळ क्वचितच कुणी केला असेल.

स्ट्रेचर बांधावर पोचलं, शिट्टी वाजली, टाळ्या झाल्या. मॅडमनी मोबाइल खाली केला आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. इतकी जिवंत कवायत आपण आजवर पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी एका फोटोसाठी उभं राहावं अशी त्यांनी विनंती केली. दौलत आणि वैभवने ॲलॉयशियसला काखेत धरून उभं केलं. त्याने डावा पाय टेकला आणि एक शब्दही न बोलता खाली कोसळला.

शामरावांना तेव्हा कळलं. ॲलॉयशियस रंगमंचावर कितीदा मेला असेल, पण मेल्यावर तो नेहमी एक डोळा किलकिला करून प्रेक्षकांकडे बघायचा. आत्ता तो बघत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि बूट काढायच्या आधीच घोटा बुटाबाहेर फुगून आला होता.

"हा नाटक करत नाहीये," शामराव म्हणाले. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

मग ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते खरोखर करायची वेळ आली, आणि हाताशी काहीच नव्हतं. फळ्या आणि पट्ट्या हाताला होत्या, आणि इतक्या नेटक्या बांधलेल्या, की सोडायला घेतल्या तर नखं तुटली. ज्या कात्रीने पट्टी कापली ती चिखलात कुठे पडली ते कुणाला आठवेना. रेंज नव्हती. जीप उभी आहे असं समजलेलं होतं, पण समजलेल्या जीपमध्ये कुणाला निजवता येत नाही. शेवटी मॅडमनी आपली ओढणी काढली. शामरावांनी ती पाण्याच्या दोन बाटल्यांच्या आधाराने पायाला गुंडाळली, आणि तशीच वरात बांधावरून रस्त्याकडे निघाली. ॲलॉयशियस शुद्धीवर आला होता. तो ओरडत नव्हता, हेच शामरावांना जास्त लागत होतं.

रस्त्यावर पोचल्यावर टॅक्सी मिळाली. टॅक्सी सुटली तेव्हा समोरून वड्यांची जीप येत होती आणि तिचा ड्रायव्हर हात हलवत होता.

बांधलेल्या हाताने दवाखान्यातही पाठ सोडली नाही. तिथल्या तरुण डॉक्टरने फळ्या लावलेला, खांद्यापर्यंत गुंडाळलेला हात बघितला आणि ताबडतोब हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. पायाला काय, नुसती ओढणी. बऱ्याच वेळाने तो हसत बाहेर आला आणि हाताला काहीही झालेलं नाही, अशी आनंदाची बातमी त्याने दिली. ते ऐकून भिंतीला टेकून बसलेले शामराव रडले.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत आलं, आणि ते निघायच्या कितीतरी आधी लग्न होतं. मॅग्डलीन वहिनी आल्या, नवऱ्याच्या पायाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि हात कशासाठी बांधलाय ते विचारलं. शामरावांनी सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. "शामभाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "तो ओरडत होता ना? मग तुम्ही ऐकत काय होता?"  

यावर कडी म्हणजे कवायत पास झाली. कंपनीत वर कुणीतरी तो व्हिडिओ पाहिला, घोट्याची हकीकत त्या साहेबापर्यंत पोचलीच नव्हती, आणि नमुनेदार कवायत म्हणून तो सगळ्या टोळ्यांना पाठवला गेला. मानसी मॅडमनी रडवेल्या होऊन तो मागे घ्यायला लावला, पण तोवर तो शामरावांच्या घरीही पोचला होता. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, तो चष्मा लावून पाहिला.

"अहो, तो खरंच ओरडतोय," त्या म्हणाल्या. "मला इथे बसून कळतंय."

शामरावांनी फोन उलटा ठेवला. व्हिडिओत ते स्वतः मित्राच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताना दिसत होते. काय सांगत होते ते कॅमेऱ्याला ऐकू आलं नव्हतं. लोकांना वाटत होतं, धीर देतायत.

त्यानंतर ते रोज कामावरून सुटले की गिरगावात जायचे. ॲलॉयशियसने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण तो उलट त्यांचीच समजूत काढायचा. डायलॉग माझाच होता, गिरकी माझीच होती, तू काय करणार, असं म्हणायचा आणि गॅलरीकडे बघायचा. तिथे आता कुणी फेऱ्या मारत नव्हतं. डायनाचा मामा तिला वेदीपर्यंत नेईल, असं घरात बोललं जात होतं, आणि ॲलॉयशियस त्याला हो म्हणत होता.  त्याचं ते हो ऐकून शामरावांनी मनाशी एक पक्कं केलं: यापुढे या माणसाने नुसता उसासा जरी टाकला, तरी तो खरा धरायचा. त्याला शिंक आली तरी ते खुर्चीतून उठायचे. दुखतंय का, दुखतंय का, असं विचारून त्यांनी त्याला इतकं भंडावलं, की मॅग्डलीन वहिनींनी त्यांना एकदा स्वयंपाकघरात मटार सोलायला बसवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी डायनाच मामाला नको म्हणाली. तिने शामरावांना बोलावून घेतलं. "अंकल, मी डॅडींबरोबरच चालणार," ती म्हणाली. "एका बाजूला मी धरीन. दुसऱ्या बाजूला कुबडी असेल, तिकडे तुम्ही राहा. त्यांना काही झालं तर तुम्ही आहात ना." ज्या माणसाने तिच्या बापाची ही दशा केली त्याच्यावर ही पोर विश्वास टाकत होती. 

लग्नाच्या दिवशी चर्च भरलेलं होतं. शामराव नव्या सुटात घामाघूम झाले होते. दौलत आणि वैभवला त्यांनी मुद्दाम शेवटच्या बाकाच्या टोकाला बसवून ठेवलं होतं. ऑर्गन सुरू झाला, सगळे उभे राहिले आणि तिघं निघाले. पांढऱ्या गाऊनमधली डायना, मधे ॲलॉयशियस, आणि कुबडीच्या बाजूला शामराव. शामरावांनी ना नवरी पाहिली, ना फुलं. त्यांची नजर ॲलॉयशियसच्या चेहऱ्यावर खिळली होती.

अर्ध्या वाटेत ॲलॉयशियस थांबला. त्याचा श्वास अडकला. खांदे हलायला लागले आणि घशातून एक आवाज आला, दाबलेला, चिरका. शामरावांनी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण या वेळी ते एक क्षणही थांबले नाहीत. त्यांनी हात वर केला. शेवटच्या बाकावरून दौलत आणि वैभव धावत आले, आणि ॲलॉयशियसला काही बोलायची संधी मिळायच्या आत तिघांनी त्याला अलगद गालिच्यावर बसवलं. पाय वर उचलला, टाय सैल केला, कुबडी बाजूला घेतली. ऑर्गन मधेच बंद पडला. वेदीपाशी नवरदेव, मॅल्कम, एक पाऊल पुढे टाकून तसाच राहिला. फादरनी चष्मा काढला. सगळं चर्च माना उंचावून बघत होतं, आणि शामरावांच्या हातून यातली एकही गोष्ट चुकली नव्हती.

"कुठे दुखतंय?" शामरावांनी गुडघ्यावर बसून विचारलं. "सांग ॲलॉय, या वेळी मी ऐकतोय. पायात?"

"नाय रे."

"छातीत?"

"छातीत पण नाय."

"मग कुठे?"

 ॲलॉयशियसने वर डायनाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. गाऊनची पर्वा न करता तीही खाली बसली आणि तिने बापाचा हात घट्ट धरला. त्याचे गाल आधीच ओले होते. मुलीचा बाप चर्चमध्ये अर्ध्या वाटेत रडतो, यात काही विशेष नव्हतं; हे तिथे बसलेल्या सगळ्यांना पहिल्याच क्षणी कळलं होतं. फक्त शामरावांना कळलं नव्हतं. खरं दुखणं त्यांनी नाटक समजून सोडून दिलं होतं, आणि आता ज्या दुखण्याला कुणीच काही करू शकत नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी लग्न थांबवलं होतं. शरमेने त्यांची मान खाली गेली. दौलत अजून पाय वर धरून बसला होता.

"चुकलं रे माझं," शामराव पुटपुटले. "परत चुकलं."

ॲलॉयशियसने बाहीने डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठव मला," तो म्हणाला. "पण हळूहळू चल हां शामराव. मला तिकडे पोचायची घाई नाय."

शामरावांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. मग ते तिघं निघाले, एक पाऊल टाकून थांबत, पुन्हा एक पाऊल टाकून थांबत, इतके सावकाश, की ऑर्गनवाल्याला तीच धून परत पहिल्यापासून वाजवावी लागली.